छातीवरचा फोन: दिवसभराच्या फोटोंतून आरोग्याचा अभ्यास

अंगावर कॅमेरा लावून माणसाचा दिवस ठरावीक अंतराने टिपायचा आणि त्या फोटोंवरून आहार, हालचाल, व्यसनं यांचा अभ्यास करायचा, या पद्धतीबद्दल नागपुरातून बरेच प्रश्न आले आहेत. बहुतेकांना खास कॅमेऱ्याऐवजी जुना स्मार्टफोन वापरायचा आहे. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न: मी आहारशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. प्रबंधासाठी ३० गृहिणींचं तीन-तीन दिवसांचं खाणं टिपायचं आहे. खास कॅमेरा परवडणारा नाही. जुने अँड्रॉइड फोन चालतील का? — विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर: चालतील, आणि आजच्या घडीला तोच व्यवहार्य मार्ग आहे. या पद्धतीची सुरुवात मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज प्रयोगशाळेतल्या ‘सेन्सकॅम’ने झाली. गळ्यात अडकवायचा, फिशआय म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सचा, आपोआप फोटो काढणारा हा छोटा कॅमेरा आधी स्मरणशक्ती गमावलेल्या रुग्णांसाठी वापरला गेला आणि मग आहार-हालचालींच्या संशोधनात आला. त्याच्यानंतरचे ऑटोग्राफर आणि नॅरेटिव्ह क्लिप हे कॅमेरेही आता बाजारात नवे मिळत नाहीत.

एक गोष्ट मात्र प्रबंधाचा आराखडा लिहिण्याआधीच पक्की करा. फोटोंवरून ग्रॅम आणि कॅलरी थेट निघत नाहीत. वरणात तेल किती पडलं हे कॅमेऱ्याला कळत नाही, आणि सावजी रश्श्याच्या तर्रीखाली काय दडलंय हेही दिसत नाही. फोटोंचा खरा उपयोग आठवणीला आधार म्हणून होतो. नेहमीची २४ तासांची आहार-मुलाखत आधी फोटोंशिवाय घ्या, मग त्याच बाईंना फोटो दाखवत दुसरी फेरी घ्या. न्यूझीलंडमध्ये असं केलं तेव्हा नुसत्या मुलाखतीत पुरुषांची ऊर्जा १७ टक्के आणि स्त्रियांची १३ टक्के कमी नोंदली जात होती. फोटो दाखवल्यावर ती तूट ९ आणि ७ टक्क्यांवर आली. विसरला जातो तो दुपारचा चहा, मुलाच्या ताटातलं उरलेलं, स्वयंपाक करताना तोंडात टाकलेला शेंगदाणा. गृहिणींच्या अभ्यासात हेच मोलाचं आहे.

प्रमाणासाठी प्रत्येक घरची रोजची वाटी, पळी आणि चमचा पहिल्याच दिवशी पाणी भरून मिलिलिटरमध्ये मोजून ठेवा. पोषणमूल्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ची भारतीय अन्नघटक सारणी आहे. तिच्यात ५२८ अन्नपदार्थ आहेत.

आता फोन. सगळे एकाच मॉडेलचे घ्या, कारण लेन्सचा कोन आणि उजेडाचं गणित मॉडेलगणिक बदलतं, आणि मग बायकांमधला फरक कोणता नि फोनमधला कोणता हे सांगता येत नाही. अँड्रॉइड १० किंवा पुढचं, बॅटरी किमान ४००० एमएएच, साठवण ६४ जीबी, आणि अल्ट्रावाइड (नेहमीपेक्षा रुंद कोनाची) लेन्स. पैसे देण्याआधी तुमचं ॲप त्या लेन्सने फोटो काढू शकतं का, ते दुकानातच पाहा. कित्येक कंपन्या ती लेन्स फक्त स्वतःच्या कॅमेरा ॲपसाठी खुली ठेवतात. फोनची पाठ फुगलेली असेल तर तो अजिबात घेऊ नका. ती सुजलेली बॅटरी आहे आणि फोन माणसाच्या छातीवर असणार आहे.

किती फोन लागतील? एका बाईंमागे पाच दिवस धरा: एक तयारीचा, तीन वापराचे, एक फोटो पाहण्याचा. सहा फोन असतील तर पाच फेऱ्यांत, म्हणजे २५ दिवसांत ३० जणी होतात. सातवा फोन राखीव हवाच.

बायकांचा स्वतःचा फोन वापरू नका. कॅमेरा एका वेळी एकाच ॲपला मिळतो. यूपीआयचा क्यूआर स्कॅन केला किंवा व्हिडिओ कॉल घेतला की तुमच्या ॲपच्या हातून कॅमेरा जातो. शिवाय दर वेळी फोन काढला-ठेवला की कोन बदलतो. अभ्यासाचा फोन वेगळा ठेवा: सिम नाही, फ्लाइट मोड चालू, गूगल फोटोजचा बॅकअप बंद.

प्रश्न: आयकार्डच्या दोरीला फोन अडकवून पाहिला. फोटोत पंखा आणि भिंती येतात, ताट येतच नाही. चालताना फोन गरगर फिरतो. साडी नेसलेल्या बायकांचं काय करायचं? — आरोग्यसेविका, हिंगणा रोड

उत्तर: पंखा का येतो ते आधी पाहू. छातीचा वरचा भाग खाली येताना पुढे झुकतो. त्यावर फोन टेकला की खालची कड पुढे येते, वरची आत जाते, आणि कॅमेरा आकाशाकडे पाहू लागतो. दोरी लांब असेल आणि फोन पोटावर आला तर आणखीच. म्हणून दोरी आखूड करा. फोनची वरची कड गळ्याच्या खळगीखाली तीन-चार बोटांवर आली पाहिजे.

दुसरं म्हणजे लेन्सचा कोन. मुख्य कॅमेऱ्याची लेन्स, जुन्या ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या मापात, साधारण २६ मिमीच्या बरोबरीची असते; आकडा जितका लहान, तितका कोन रुंद. फोन उभा धरला तर ती वर-खाली सुमारे ६७ अंश पाहते, म्हणजे समोरच्या सरळ रेषेखाली फक्त ३३-३४ अंश. टेबलावर जेवताना ताट साधारण तेवढ्याच कोनात, फोटोच्या अगदी कडेला येतं. खाली मांडी घालून बसलं की ते ४५ अंश खाली जातं आणि चौकटीच्या बाहेरच राहतं. १३ मिमीची अल्ट्रावाइड लेन्स उभ्या फोनमध्ये रेषेखाली सुमारे ५३ अंश पाहते. तिच्यात मांडीपुढचं ताट येतं. ती लेन्स नसेल तर फोन १५ ते २० अंश पुढे झुकवावा लागेल.

झुकवण्यासाठी सोफ्याच्या फोमची पाचर करा. १६ सेंमी लांबीच्या फोनला १५ अंशांसाठी वरच्या टोकाला सुमारे ४ सेंमी जाडी लागते, खाली शून्य. जाड बाजू वर ठेवून ती फोन आणि छाती यांच्यामध्ये पिशवीच्या मागच्या बाजूला शिवून टाका. बरेच जण ती उलटी लावतात आणि पंखा आणखी ठळक येतो.

फिरणं थांबवायला एक दोरी कधीच पुरत नाही. फोनचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास असतं. चालताना ते लोलक होतं. पिशवीच्या वरच्या दोन कोपऱ्यांना गळ्याचा पट्टा आणि खालच्या दोन कोपऱ्यांना काखेखालून पाठीवर जाणारा अडीच सेंमी रुंद इलॅस्टिकचा पट्टा, पुढून प्लॅस्टिक बकलचा. सीताबर्डीत किंवा इतवारीत हे सामान सहज मिळतं आणि कोणताही शिंपी तासाभरात शिवून देतो. पट्टा श्वास अडेल इतका आवळू नका. खाली दोन बोटं जायला हवीत.

साडीसाठी पदर पिनअप करून पिशवी त्याच्या वर घ्यायची. गळ्याचा पट्टा पदरावरून जाऊ द्या. पदर डोक्यावर घेणाऱ्या बायकांचे काही फोटो झाकले जाणारच, ते ‘झाकलेला’ म्हणून वेगळे मोजा. स्कूटीवर जाणाऱ्या मुली तोंडाला स्कार्फ बांधतात आणि अंगात पांढरा सनकोट घालतात. त्यांना पिशवी सनकोटवरून बांधायला सांगा आणि स्कार्फची टोकं मागे खोचायला शिकवा. पहिल्या दिवशी प्रत्येकीला तिच्या घरीच पाटावर बसवून, रिकामं ताट पुढे ठेवून दहा फोटो काढा आणि तिथेच पाहा. ताटाची चारही टोकं दिसेपर्यंत पट्टा सोडू नका.

प्रश्न: ॲप सुरू करतो, पण तास-दीड तासाने फोटो बंद. कधी मधलेच वीस मिनिटं गायब. फोन बदलून पाहिला, तेच. — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, दक्षिण अंबाझरी मार्ग

उत्तर: याची कारणं तीन-चार आहेत आणि ती एकावर एक चढतात, म्हणून एक दुरुस्त केलं तरी फरक जाणवत नाही.

अँड्रॉइड ९पासून पडद्यामागे गेलेल्या ॲपला कॅमेरा मिळत नाही. त्यामुळे ॲप ‘फोरग्राउंड सर्व्हिस’ म्हणून चालवावं लागतं, म्हणजे सूचनापट्टीत कायम एक नोंद दिसत राहते. अँड्रॉइड ११पासून त्या सर्व्हिसचा प्रकार ‘कॅमेरा’ असा जाहीर करावा लागतो. ही सर्व्हिस माणसाने ॲप उघडून सुरू केलेली असावी लागते. फोन आपोआप रीस्टार्ट झाला तर ती पुन्हा सुरू होईल हे गृहीत धरू नका. सहभागी व्यक्तीला संध्याकाळी एकदा सूचनापट्टी पाहायला सांगा.

दुसरं कारण अलार्म. दर १५ सेकंदांनी अलार्मने ॲपला उठवायचं असं लिहिलं असेल तर फोन डोझ अवस्थेत, म्हणजे बॅटरी वाचवण्यासाठीच्या गाढ झोपेत गेला की ते अलार्म मागे पडतात; तिथे एका ॲपला साधारण नऊ मिनिटांतून एकच सवलत मिळते. फोरग्राउंड सर्व्हिसमध्ये अंशतः वेक लॉक (पडदा बंद असला तरी प्रोसेसर जागा ठेवण्याची सोय) घेऊन वेळ तिथेच मोजा.

तिसरं कारण फोन कंपन्यांची बॅटरी-बचत. बऱ्याच स्वस्त फोनांत ही बचत फोरग्राउंड सर्व्हिससुद्धा मारते. सेटिंगमध्ये त्या ॲपसाठी बॅटरी ‘अनिर्बंध’, ऑटोस्टार्ट चालू, आणि अलीकडच्या ॲपांच्या यादीत त्याला कुलूप, हे तिन्ही करा. सिस्टिम अपडेट झाल्यावर या सेटिंग पुन्हा तपासा.

कॅमेरा सतत उघडा ठेवला तर बॅटरी दुपारीच संपते. उघडा, टिपा, बंद करा. पण उघडल्याबरोबरची पहिली चौकट घेऊ नका; उजेडाचं आणि रंगाचं गणित बसायच्या आधी फोटो काळपट किंवा हिरवट येतो. पहिल्या ८-१० चौकटी सोडून द्या. ऑटोफोकसही बंद ठेवून फोकस एक-दीड मीटरवर बांधा, नाहीतर समोर डोलणाऱ्या पदराच्या काठावरच तो अडकतो. काही स्वस्त फोन ही मुभा देत नाहीत. खरेदीआधी तपासायच्या यादीत हेही घाला. घरातल्या ट्यूबलाइट-एलईडीखाली आडव्या पट्ट्या दिसत असतील तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवा. चालत्या माणसाला १/१०० बरं.

बॅटरीची चाचणी सोपी आहे. शंभर टक्क्यांवरून चार तास चालवा. पंचवीस टक्क्यांहून जास्त उतरली तर १४ तासांचा दिवस निघणार नाही. आणि प्रत्येक फोटोसोबत वेळ, बॅटरी आणि झुकाव यांची ओळ लिहून ठेवा. खंड पडलाच तर तो कुणी थांबवल्यामुळे पडला की ॲप मेल्यामुळे, हे त्या ओळींशिवाय कळत नाही, आणि निष्कर्ष काढताना या दोन खंडांचा अर्थ अगदी वेगळा असतो.

प्रश्न: मुलांना दिवसभरात जंक फूडच्या जाहिराती किती दिसतात, हे शाळकरी मुलांवर कॅमेरा लावून पाहायचं आहे. परवानगीचं काय? फोटोत इतर लोकही येणार. — शिक्षक, मानेवाडा

उत्तर: विषय महत्त्वाचा आहे आणि त्याला आधार आहे. न्यूझीलंडच्या वेलिंग्टन भागात ११ ते १४ वर्षांच्या १६८ मुलांनी चार दिवस असा कॅमेरा घातला. सुमारे सात सेकंदांनी एक फोटो. आरोग्याला नको असलेल्या पदार्थांच्या जाहिराती मुलांना दिवसाला सरासरी २७ वेळा दिसत होत्या. असं काम आपल्याकडे व्हायला हवं. पण परवानगीचा भाग पूर्ण होईपर्यंत एकही फोन मुलाच्या गळ्यात घालू नका.

क्रम असा: प्रथम नोंदणीकृत नैतिक समितीची मंजुरी. शिक्षक म्हणून ती तुम्हाला एकट्याने मिळणं कठीण आहे, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागाला बरोबर घ्या. मग शाळेचं लेखी पत्र, पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची संमती. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वयाला पालकांसमोर तोंडी आणि १२ ते १८ला लेखी संमती लागते. वर्गातल्या इतर पालकांनाही पत्र जायला हवं, कारण त्यांची मुलंही फोटोत येतील. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच आहे. संशोधनाला त्यात अटींसह सवलत आहे, पण तिच्यामुळे नैतिक समितीचं काम सुटत नाही.

संमतीपत्रात एक वाक्य टाळता येत नाही: फोटोंतून मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणं आम्हाला बंधनकारक आहे. ‘सगळं गुप्त राहील’ असं सरसकट वचन देऊ नका.

रोजच्या वापरात सगळ्यात उपयोगी पडते ती पिशवीवर शिवलेली कापडी झडप, वेल्क्रोची. झडप खाली म्हणजे कॅमेरा बंद. समोरच्यालाही ते दिसतं. स्क्रीनवरच्या बटणापेक्षा ती कितीतरी भरवशाची. स्वच्छतागृह, कपडे बदलणं, दवाखाना, बँक, पोलीस ठाणं, न्यायालय, परीक्षा, दुसऱ्याचं घर: इथे झडप खाली. कुणी ‘हे काय?’ विचारलं तर दाखवायला मराठी आणि हिंदीत छापलेलं छोटं कार्ड द्या. कुणी ‘नको’ म्हटलं तर वाद न घालता झडप खाली. कॅमेरा लपवायचा कुठलाही प्रयत्न करू नका आणि आवाजाचं रेकॉर्डिंग अजिबात नको.

दिवसाच्या शेवटी फोटो सर्वांत आधी मूल आणि पालक पाहतील, संशोधक नाही. त्यांना नको ते त्यांनी पुसायचे, कारण विचारायचं नाही. किती पुसले एवढा आकडा फक्त नोंदवा. त्यानंतर फोटो सांकेतिक क्रमांकाखाली कुलूपबंद हार्डडिस्कवर घ्या आणि चेहरे धूसर करूनच काम करणाऱ्यांना द्या. व्हॉट्सॲपवर एकही फोटो जाता कामा नये, ‘फक्त मार्गदर्शकांना’सुद्धा नाही. मेमरी कार्डही नको. ते काढून कुणीही वाचू शकतं.

प्रश्न: मे महिन्यात ऑटोचालकांचा उन्हातला दिवस टिपायचा आहे. फोन तापून बंद पडतात. — सार्वजनिक आरोग्याचा विद्यार्थी, मेडिकल चौक

उत्तर: पडणारच. आयफोनसाठी कंपनीच ० ते ३५ अंशांची हवा सांगते, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो. वर छातीची ऊब आणि कॅमेऱ्याची स्वतःची उष्णता. काळी किंवा प्लॅस्टिकची पिशवी टाळून पांढरं सुती कापड घ्या आणि फोनमागे जाळीदार कापडाचा थर द्या, म्हणजे हवा खेळेल. दुपारी बारा ते चार या वेळेत दर मिनिटाला एकच फोटो. अँड्रॉइड १०पासून फोन आपल्या तापण्याची पातळी ॲपला सांगतो. ती ‘तीव्र’ झाली की ॲपने स्वतःहून थांबावं आणि तशी नोंद करावी.

तापलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका. ४५ अंशांवर लिथियम बॅटरी चार्ज करणं धोक्याचं आहे. अर्धा तास सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये ठेवल्यास आत दव धरतं, आणि कूलरच्या तोंडाशी धरल्यास पाण्याचे तुषार जातात. पॉवर बँक छातीवर बांधून दिवस वाढवायचा मोह टाळा. चालकाला साफ सांगा: चटका जाणवला की काढून ठेवा, विचारायला फोन करू नका. दुपारचे फोटो कमी मिळाले तरी चालेल, त्याची कातडी भाजता कामा नये. उन्हाचं मोजमाप करायचं असेल तर तापमान-आर्द्रता नोंदवणारं छोटं यंत्र वेगळं द्या; फोनमधला आकडा बॅटरीचा असतो, हवेचा नाही.

प्रश्न: खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाण्याची दिवसातली संख्या अशी मोजता येईल का? — दंतवैद्यक शाखेचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर: अंशतः. छातीवरच्या कॅमेऱ्याला तोंड दिसत नाही, पण पुडी सोडणं आणि पन्नीतून चिमूट घेणं छातीसमोरच होतं. हे काही सेकंदांचं काम आहे, म्हणून ३० सेकंदांचं अंतर इथे निरुपयोगी. पाच ते सात सेकंद लागतील, आणि तेवढ्याने बॅटरी अर्ध्या दिवसातच संपत येईल. दुपारी फोन बदलून द्यावा लागेल. फोटोंतून पुडी कधी, कुठे, कुणाबरोबर निघाली हे चांगलं कळतं. तोंडात तोबरा किती वेळ राहिला हे नाही. तो प्रश्न मुलाखतीतच विचारा. पहिला दिवस हिशेबात धरू नका, कारण कॅमेरा आहे म्हणून माणूस सावरून वागतो. पानठेलेवाल्याचा चेहरा आणि पाटी दोन्ही धूसर करा. तुमच्या अभ्यासामुळे त्याच्या दारात कारवाई येऊ नये.

प्रश्न: एवढे फोटो पाहायचे कसे? — विद्यार्थिनी, प्रतापनगर (पहिल्या प्रश्नाच्या पुढे)

उत्तर: १५ सेकंदांनी एक, १४ तास, म्हणजे दिवसाला ३,३६०. तुमच्या ९० दिवसांचे ३,०२,४००. फोटो १२८० × ९६० ठेवला तर एक साधारण २५० केबी, सगळे मिळून ७५-७६ जीबी. एकेक फोटो उघडायचा नाही. स्क्रीनवर वीस-वीसची जाळी लावा. एक जाळी म्हणजे पाच मिनिटं, दिवसाच्या १६८ जाळ्या. पहिल्या फेरीत फक्त खाणं कुठे सुरू झालं, कुठे संपलं एवढीच खूण करा. सराव झाल्यावर एका दिवसाला पाव तास पुरतो. दुसऱ्या फेरीत फक्त खुणा केलेला भाग बारकाईने पाहा.

व्याख्या आधी लिहा. ताट वाढणं म्हणजे खाणं का? तर्री पोह्यांच्या ठेल्यासमोर नुसतं उभं राहणं? पोळी शेकताना तोडलेला तुकडा? सुरुवातीला तुम्ही आणि फोटो पाहणारी आणखी एक जण, दोघींनी एकमेकींना न विचारता त्याच दहा टक्के दिवसांवर खुणा करा आणि कोहेनचा कप्पा, म्हणजे दोघींच्या खुणा किती जुळतात हे सांगणारा आकडा, काढा. ०.८च्या खाली आला तर पुढे जाऊ नका. कुठे मतभेद झाले ते फोटो समोर ठेवून व्याख्या दुरुस्त करा आणि वेगळ्या दिवसांवर पुन्हा काढा. यंत्राकडून ओळख करून घेण्याचा विचार असेल तर मर्यादा ध्यानात ठेवा: परदेशी ताटांवर शिकलेली प्रणाली पातोडी आणि झुणका यांच्यात गोंधळते. अंधारे, झाकलेले, छताचे फोटो बाजूला काढायला मात्र ती चांगली, आणि तेवढ्यानेही कामाचा मोठा भार उतरतो.